चुकतं न झालेलं बिल

त्या माणसाच्या चष्म्याची एक दांडी जरा वाकडी होती. बोलताना तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता, शर्टावर लावलेल्या नावाच्या पट्टीकडे बघत होता. सोबत बायको आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी. तीन सूप, त्यांतलं एक कमी तिखट. मग एकच मोठी डिश, तिघांत वाटून. मुलीच्या ग्लासात बर्फ नको. वीस वर्षांनंतरही हे सगळं मी घडाघडा सांगू शकतो. त्याच रात्री माझ्या हातून आणखी साठ-सत्तर माणसं जेवून गेली असतील. त्यांतलं एक नाकसुद्धा आठवत नाही.

झालं होतं एवढंच, की सूप गेल्यावर त्यांच्या डिशची चिठ्ठी किचनमध्ये हरवली. म्हणजे हरवली नव्हती, दुसऱ्या एका ओल्या चिठ्ठीला खालून चिकटून बसली होती. पाऊण तास गेला. मी तिसऱ्यांदा "येतंय सर" म्हणालो, तेव्हा त्याने हातातला चमचा खाली ठेवला, पट्टीवरचं माझं नाव वाचलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "शाळेत गेला होतास का रे कधी?"

मुलीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिला खरंच उत्तर हवं होतं.

मी म्हणालो, "सॉरी सर."

असं का लक्षात राहतं, यावर मानसशास्त्रात एक जुनी गोष्ट सांगतात, आणि गंमत म्हणजे तिच्यातही एक वेटर आहे. १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि त्यांचे विद्यार्थी कॅफेत गप्पा मारत बसायचे. तिथल्या वेटरला कुणी काय मागवलं ते न लिहिता ध्यानात राहायचं. पण एकदा बिल चुकतं झालं की विचारा, काही सांगता यायचं नाही. लेविन यांची विद्यार्थिनी ब्लूमा झायगार्निक हिने यावर प्रयोग केले आणि १९२७मध्ये ते प्रसिद्ध केले: मध्येच थांबवलेली कामं माणसाला पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवतात. पुढे ज्यांनी ज्यांनी हे प्रयोग करून पाहिले, त्या सगळ्यांना तसंच दिसलं असं नाही. कॅफेची गोष्टही सांगता सांगता घासूनपुसून लख्ख झालेली असणार. पण ज्याने हातावर चार ताटं पेलत हॉल ओलांडलाय, त्याला ती पटवून द्यावी लागत नाही.

मराठीत 'चुकणं' आणि 'चुकतं करणं' एकमेकांच्या शेजारी राहतात. त्या टेबलाचे पैसे चुकते झाले. चष्मेवाल्याने मोजून दिले, सुटे परत घेतले. बाकीचं खातं अजून उघडंच आहे.

'वेटर' म्हणजे वाट बघणारा. हा शब्द ज्याने पाडला त्याने हे काम केलेलं नसावं. वाट बघतं गिऱ्हाईक आणि वाट लागते वेटरची.

किचन आणि हॉल यांच्यामध्ये एक झुलतं दार असतं. अलीकडे मंद दिवे आणि हळू गाणी, पलीकडे वाफ, भांड्यांचा खणखणाट आणि शिव्या. चिठ्ठी हरवणारा आचारी गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही. दोन माणसांचं काम एकावर टाकणारा मालक दिसतो, पण तो गल्ल्यावर बसून हात जोडत असतो, त्याच्यावर कोण चिडणार? रागाला तोंड लागतं. हॉलमध्ये फिरणारं तोंड एकच.

मी त्या माणसाला खरं का सांगितलं नाही, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. डेव्हिड मायस्टर नावाच्या अभ्यासकाने १९८५मध्ये रांगेत थांबण्याच्या मानसशास्त्रावर लिहिलं होतं: काही न करता बघितलेली वाट लांब वाटते, आणि जिचं कारण कळत नाही ती आणखी लांब. म्हणजे माझं "येतंय सर" हे त्या परिस्थितीत बोलता येण्यासारखं सगळ्यात वाईट वाक्य होतं. "तुमची चिठ्ठी मागे राहिली, पंधरा मिनिटं लागतील, तोवर बेबीला काहीतरी आणून देऊ का?" एवढं बोललो असतो तर तो पुटपुटला असता, पण कदाचित शाळेपर्यंत गेला नसता. हे तेव्हाही कळत होतं. पण "चिठ्ठी मागे राहिली" हे गल्ल्यावर ऐकू गेलं असतं, गल्ल्यावरून किचनमध्ये गेलं असतं, आणि मग पुढचा आठवडाभर माझ्या सगळ्या चिठ्ठ्या मागे राहिल्या असत्या. गिऱ्हाईक तासाभराने उठून जातं. आचारी उद्याही असतो.

विल्यम फूट व्हाइट हा अमेरिकी समाजशास्त्रज्ञ १९४०च्या दशकात शिकागोतल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास करत होता. वेट्रेस कामावर रडतात, त्या का रडतात, हा त्याच्यापुढचा एक साधा प्रश्न होता. त्याला दिसलं ते असं, की गिऱ्हाइकाचा रेटा एकीकडून आणि किचनचा दुसरीकडून. मधल्या बाईला दोघांकडे काहीतरी मागायचं असतं आणि दोघांनाही ते आवडत नाही. आचाऱ्यांना तर एका पोरीने येऊन "लवकर द्या" म्हणणं मुळीच खपत नसे. तोंडी मागण्याऐवजी चिठ्ठी खिळ्यावर टोचून ठेवायची रीत जिथे होती तिथे कुरबुरी कमी होत्या, कारण कागदावर कोण डाफरणार? पण मला त्याचं दुसरं निरीक्षण जास्त जवळचं वाटतं. मुरलेली वेट्रेस गिऱ्हाइकाला सुरुवात करू देत नाही. ते तोंड उघडायच्या आत ती स्वतः टेबलाशी पोचते आणि सूत्रं हातात घेते. नवखी मात्र बोलावण्याची वाट बघते आणि मग रात्रभर मागे धावत राहते.

हे वाचलं तेव्हा मला मामा आठवला. मामा म्हणजे आमच्यातला सगळ्यात जुना वेटर. सगळे त्याला मामाच म्हणायचे, मालकसुद्धा. माणसं खुर्च्या ओढत असतानाच तो जायचा, मिठाची बाटली उगाचच दोन बोटं सरकवायचा, म्हणायचा, "दोन मिनिटांत आलोच." आणि चांगला दहा मिनिटांनी यायचा. कुणी काही बोलायचं नाही. मी एकदा विचारलं, ही काय जादू आहे? मामा म्हणाला, "त्यांनी बोलावलं तर आपल्याला उशीर झाला. आपण सांगून गेलो तर आपण कामात आहोत." मीही बाटली सरकवायला लागलो. माझ्या हातून ती एकदा सांडली.

आणि हसणं. विमानातल्या सेविकांच्या कामाचा अभ्यास करून आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३मध्ये ज्याला नाव दिलं, त्याला आपल्याकडे आता 'भावनिक श्रम' म्हणतात. चेहऱ्यावर ठरावीक भाव ठेवण्याचा पगार मिळतो. तो भाव दोन तऱ्हांनी आणता येतो, असं त्या म्हणतात: वरवर आणायचा, नाहीतर स्वतःची समजूत घालून आतूनच तसं व्हायचं. मामा दुसऱ्या तऱ्हेचा होता. चिडलेल्या माणसाकडे बघून तो म्हणायचा, "बिचाऱ्याचं घरी काहीतरी असेल." प्रत्येकाच्या घरी काहीतरी असेल, हा त्याचा सिद्धांत. मला ते कधी जमलं नाही. मी दहा तास गालाचे स्नायू वर धरून ठेवायचो आणि घरी गेल्यावर ते खाली सोडून बसायचो. आई म्हणायची, "बाहेर म्हणे फार गोड बोलतोस. आमच्या वाटणीचं तिथेच संपवतोस का?"

आता इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की हॉलमध्ये सगळे साधू आणि टेबलावर सगळे राक्षस. तसं लिहायला मलाही आवडलं असतं.

आम्ही टेबलं वाचायचो. माणूस दारातून आत आला की त्याच्या बुटांवरून, त्याने दार कसं ढकललं त्यावरून, सोबतच्या बाईला आधी बसू दिलं की नाही त्यावरून आमचा हिशेब झालेला असायचा. किचनच्या दाराशी हलक्या आवाजात निरोप जायचा, "तीन नंबरला वकील बसलाय." म्हणजे बिलाची ओळ न ओळ तपासणारा. "खिडकीत सासरा आहे." म्हणजे काहीही आणलं तरी तोंड वाकडं. हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघायचा, याचा आम्हाला केवढा अभिमान.

एका भर गर्दीच्या रात्री एक म्हातारं जोडपं आलं. बाईच्या हातात कापडी पिशवी. बाबांनी मेनू हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाले, "चष्मा घरी राहिला, जरा वाचून दाखवतोस का?" माझ्याकडे तेव्हा सहा टेबलं होती. मी आणि पलीकडच्या पोराने एकमेकांकडे पाहिलं. त्या बघण्यात सगळं ठरलं: इथे वेळ जाणार आणि हाती काही लागणार नाही. "आलोच" म्हणून मी गेलो. पाणी ठेवलं, ते दुसऱ्या फेरीत. मेनू वाचला, तो निम्मा. शेजारचं टेबल नंतर आलं होतं, त्यांची ऑर्डर आधी घेतली, कारण ती पोरं मोठ्याने हसत होती आणि खर्च करणार असं वाटत होतं. आजींनी तीनदा हात वर केला. दरवेळी मी तो पाहिला. वेटरला हात दिसत नाही असं कधीच नसतं. कुठला हात दिसू द्यायचा एवढाच प्रश्न असतो.

शेवटी बाबा उठले. टेबलांमधून वाट काढत थेट गल्ल्यावर गेले आणि थरथरत्या आवाजात बोलायला लागले. अख्खा हॉल बघत होता. मला आत बोलावून झापलं गेलं. बाहेर येताना मी किचनमध्ये म्हणालो, "म्हातारा भलताच भांडखोर निघाला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाईट हे वाटतं, की मी ते खोटं बोलत नव्हतो. मला तसं मनापासून वाटत होतं. त्या गरीब माणसाला भांडखोर करायला मी पाऊण तास खर्ची घातला होता. पुन्हा पाऊण तास. हिशेब करताना आज लक्षात येतं.

बरं, ज्या टीपसाठी हा सगळा खटाटोप, तिचं गणितही आमच्या समजुतीप्रमाणे चालत नाही. मायकल लिन या अमेरिकी प्राध्यापकाने टीप या एकाच विषयावर अर्धं आयुष्य घालवलंय. सेवा कशी होती आणि टीप किती पडली यांचा संबंध असतो, पण अगदीच पुसट, असं त्याच्या आणि इतरांच्या अभ्यासांतून दिसतं. म्हणजे मान मोडून काम करणाऱ्याला आणि निवांत फिरणाऱ्याला जवळपास सारखंच मिळतं. उलट त्याने एका सहकाऱ्याबरोबर १९९३मध्ये दाखवलं, की ऑर्डर घेताना वेटर टेबलाशेजारी गुडघे वाकवून खाली बसला, गिऱ्हाइकाच्या नजरेच्या पातळीवर आला, तर टीप वाढते. मी हे वाचून हसलो आणि मग हसू थांबलं. आजी-बाबांच्या टेबलाशी मी खाली बसून मेनू वाचला असता तर दोन मिनिटं लागली असती. (रोज सहा टेबलांशी असं बसायचं तर गुडघ्यांचं काय, हे मात्र प्राध्यापकांना विचारायला हवं.)

पुढे वर्षभर मी बार काउंटरच्या मागे होतो. तिथलं भांडण वेगळ्या रक्ताचं. भुकेने आलेला राग जेवण आलं की उतरतो. बारमध्ये माणूस जे मागत असतो त्यानेच तो चढतो. आपल्या मालाला एका क्षणी स्वतःच नाही म्हणायचं, असा धंदा दुसरा कुठला? अनेक देशांत कायदाच तसा आहे: उघड उघड झिंगलेल्या माणसाला आणखी पाजणं हा गुन्हा. पण कायदा काउंटरवर येऊन उभा राहत नाही. काउंटरवर तुम्ही असता आणि समोर तुमच्या दुप्पट अंगाचा माणूस "शेवटचा एक" म्हणत असतो.

त्यात शरीराची गंमत अशी, की यकृत आपल्या ठरलेल्या गतीनेच दारू निपटतं. कॉफी पाजा, तोंडावर पाणी मारा, त्याला घाई नाही. आणि पोटातून रक्तात जायला वेळ लागतो, म्हणून माणूस वाद घालत असतो तेव्हा त्याचा आधीचा पेग अजून पुरता चढलेलाही नसतो. आपण बोलत असतो एकाशी, आणि पंधरा मिनिटांनी तिथे दुसराच उभा असतो.

एका रात्री असाच एक नेहमीचा मोठा माणूस. दिवे कमी केले होते, खुर्च्या टेबलांवर चढत होत्या. मी म्हणालो, "सर, बंद झालंय." त्याने काउंटरवर थाप मारली. मी म्हणालो, "नियम आहे सर." दुसरी थाप. बर्फाचं भांडं उडालं. त्याचे दोन मित्र बघत होते, म्हणजे आता त्याला माघार घेता येत नव्हती, आणि माझी दोन पोरं बघत होती, म्हणजे मलाही. तेवढ्यात मामा आला. तो काउंटरच्या आत आलाच नाही. बाहेरून, त्या माणसाच्या बाजूने आला, त्याच्या खांद्याला खांदा लावून, दोघंही एकाच दिशेला तोंड करून उभे. म्हणाला, "घरी कोण जागं असेल आत्ता?" माणूस थबकला. "...धाकटी. तिला झोप येत नाही मी आल्याशिवाय." मामाने मला खूण केली. मी त्याच्या नेहमीच्याच ग्लासात पाणी भरलं, दोन बर्फाचे खडे टाकले. त्याने ते हातात धरलं. हातात ग्लास आहे एवढं त्याला पुरलं. मामा धाकटीबद्दल विचारत राहिला, मित्रांनी बिल दिलं, गाडीची चावी कुणाकडे तेही ठरलं.

स्टील आणि जोसेफ्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९०मध्ये याबद्दल जे मांडलं ते मामाला कुणी सांगितलं नव्हतं. दारूने नजर अरुंद होते, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे. समोर जे सगळ्यात ठळक तेवढंच दिसतं, बाकीचं, मागचंपुढचं, गळून जातं. मी त्या अरुंद खिडकीत स्वतःचा नकार धरून उभा होतो. मामाने तिथून मला बाजूला सरकवलं आणि धाकटीला उभं केलं.

त्याच मामाने एकदा एका टेबलाकडून थोबाडीत खाल्ली. तेव्हाही तो असाच हळू बोलत होता. मालक गल्ल्यावरून धावत आला. त्याने त्या टेबलाची माफी मागितली आणि मामाला आत जायला सांगितलं. 'ग्राहकाचंच नेहमी खरं' हे वाक्य कुणाचं यावर वाद आहे. शिकागोचा मार्शल फील्ड, लंडनचा हॅरी सेल्फ्रिज, अशी नावं घेतात. दोघंही मोठे दुकानदार, कापडचोपड आणि घरसामान विकणारे, आणि त्यांच्या काळात 'घेतलं ते घेतलं, आता तक्रार नको' म्हणणाऱ्या दुकानांपुढे ते वाक्य चांगलंच होतं. सदरा बसला नाही तर परत घ्या, एवढाच त्याचा अर्थ. थोबाडीत परत घेता येत नाही. मामा आत जाऊन कांद्याच्या पोत्यावर बसला. कुणी त्याला काही विचारलं नाही, त्यानेही घरी काय असेल वगैरे सांगितलं नाही. अर्ध्या तासाने बाहेर येऊन त्याने बाकीची टेबलं उरकली.

रात्री शेवटचं गिऱ्हाईक गेलं की आम्ही जेवायचो. दोन टेबलं जोडून, उरलंसुरलं. आणि मग आमचा एक खेळ असायचा, त्याशिवाय झोप आली नसती. एकाने वेटर व्हायचं, बाकीच्यांनी दिवसभराची गिऱ्हाइकं. कुणी चुटकी वाजवायचं, कुणी "सूप गार आहे, आणि फार गरमही आहे" म्हणायचं, कुणी बिल उलटं धरून तपासायचं. मामा हसून हसून खोकायचा. गिऱ्हाइकांची जी ऐट दिवसभर सोसली ती आम्हाला किती बारकाव्यांसकट येत होती, ते पाहण्यासारखं होतं. आचारीही बाहेर येऊन बसायचा. तो सगळ्यात फर्मास गिऱ्हाईक व्हायचा.

चष्मेवाल्याची रात्र होऊन दोन-तीन दिवस झाले होते. नवीन पोरगा लागला होता, सतराएक वर्षांचा असेल, पाणी भरायचा. त्या रात्री त्याला वेटर केला होता. माझी पाळी आली. मी खुर्चीत मागे रेललो, चष्मा नीट केल्यासारखं केलं, त्याच्या शर्टाकडे पाहिलं. पट्टी अजून मिळालेली नव्हती त्याला, तरी तिथे असल्यासारखं वाचलं. चमचा खाली ठेवला. अगदी शांतपणे, तोच सूर धरून म्हणालो, "शाळेत गेला होतास का रे कधी?"

सगळे फुटले. आचाऱ्याने टेबलावर थाप मारली. माझ्याइतकी हुबेहूब नक्कल आजवर कुणीच केली नाही, असं मामासुद्धा म्हणाला.

पोरगा हसला नाही. हातातला ट्रे सावरत म्हणाला, "सातवीपर्यंत." आणि मग, खेळ चालू आहे हे आठवून, "सॉरी सर."

दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या टेबलांचं पाणी सगळ्यात आधी भरलं. महिनाभराने तो दुसरीकडे लागला. त्या रात्री त्याने माझ्यापुढे काय आणून ठेवलं होतं, ते मला आठवत नाही.